हाउकी नदीवरचे बूट

लेम्पी हार्युलाच्या मुदपाकखान्यात जेवताना बोलायला बंदी होती. लाकूडतोड्यांच्या तळावर हा नियम सगळीकडेच असतो, पण इतर ठिकाणी तो भिंतीवर लिहिलेला असतो. इथे तो लेम्पीच्या हातातल्या डावात होता. दांडगे दांडगे पुरुष, फिन, स्वीड, फ्रेंच, माना खाली घालून मोयाक्का, म्हणजे माशांचा रस्सा, ओरपायचे आणि मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचे. कुणी चुकून तोंड उघडलंच तर लेम्पी म्हणायची, "गिळायला आलायस की गप्पा मारायला? गप्पा मारायच्या तर बाहेर जा. झाडं आहेत ऐकायला." मग तो माणूस आठवडाभर खोकतानासुद्धा तोंडावर हात धरायचा.

जिभेने अशी, पण हाताला विलक्षण चव. तिचा वेलचीचा गोड पाव, पुल्ला, भट्टीतून निघाला की वरच्या तळावरची माणसं काहीतरी हत्यार मागायच्या निमित्ताने खाली यायची. लेम्पीला निमित्त कळायचं. ती हत्यारही द्यायची आणि पावही द्यायची, वर चार शब्द सुनवायची ते निराळंच.

नवरा एमिल पडत्या झाडाखाली सापडून गेला तेव्हा ताउनो, तिचा एकुलता एक मुलगा, जेमतेम चालायला लागला होता. माहेर समुद्रापलीकडे, सासर म्हणावं तर तेही तिकडेच. लेम्पीने पदर खोचावा तसा ॲप्रन बांधला आणि तळावरच राहिली. ताउनो पिठाच्या पेटीवर झोपून मोठा झाला. मिसरूड फुटली तसा तो नदीवर गेला.

नदीवरचं काम म्हणजे वसंतातलं. हिवाळाभर तोडलेली झाडं बर्फ वितळला की हाउकीत लोटायची आणि खाली सरोवरापर्यंत हाकत न्यायची, थेट गुरं हाकावीत तशी. ओंडके अडले, एकमेकांवर चढले की त्यांच्यावर उभं राहून, लांब काठीच्या आकड्याने ते मोकळे करायचे. पायात खिळ्यांचे बूट. तळव्याला खालून टोकदार खिळे मारलेले, म्हणून ओल्या सालीवर पाय टिकतो. ताउनोच्या बुटांच्या नाड्या लेम्पीने स्वतः विणल्या होत्या, लाल-पांढऱ्या, तिच्या आईच्या गावी हातमागाच्या पट्ट्या विणतात त्या नक्षीच्या. एका नाडीत मध्येच दूध उतू गेलं म्हणून ती उठली होती आणि परत बसल्यावर एक पांढरा धागा सुटून गेला होता. उसवायला निघाली तर ताउनो म्हणाला, "राहू दे गं आई. नदीवर कोण बघतंय?"

नदीचे स्वतःचे काही नियम होते आणि ते कुणी कुणाला शिकवत नसे. ओंडक्यांवरचा माणूस बुडाला तर त्याचे खिळ्यांचे बूट तिथल्याच काठावरच्या झाडाला नाड्यांनी टांगायचे. ते पुन्हा कुणी काढायचे नाहीत. ऊन-पावसात कुजून पडतील तेव्हा पडतील. जाता-येता टोपी काढायची, आणि कुणाचे, कधीचे, हे विचारायचं नाही, सांगायचंही नाही. नदीच्या वरच्या अंगाला बायका जात नसत, त्यामुळे लेम्पीने असे बूट कधी पाहिले नव्हते. एमिलने एकदा सांगितलं होतं तेवढंच.

ताउनोला समुद्राचं वेड लागलं आणि घरात वाद सुरू झाला. त्याला व्हँकूव्हरला जायचं होतं, जहाजावर काम धरायचं होतं. पोर्ट आर्थरला जाऊन त्याने पिवळ्या कातड्याचे शहरी बूट आणले, गुळगुळीत तळव्याचे, आणि ते मुदपाकखान्यात घालून दाखवले.

"हे काय, नवरीचं पायताण?" लेम्पी म्हणाली.

"तिकडे असेच घालतात."

"तिकडे आई असते का रे कुणाला?"

ताउनो तिच्यासारखाच होता, त्यामुळे दोघांपैकी कुणीच माघार घेईना. निघायच्या सकाळी लेम्पी दाराकडे पाठ करून पीठ मळत होती. तो दारात येऊन म्हणाला, "आई, निघतो." ती मळत राहिली. "आई, गाडी चुकेल माझी." ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "मग पळ." तो थोडा वेळ तसाच उभा होता, हे तिला पाठमोरं असूनही कळत होतं. मग दाराची स्प्रिंग करकरली. आपण वळून पाहिलं नाही, ही गोष्ट लेम्पीने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही.

त्याला नदीपर्यंत पोचवायला मार्ती गेला होता. मार्ती लाइने म्हणजे ताउनोचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्याबरोबरीने ओंडक्यांवर चालणारा, आणि लेम्पीच्या भट्टीपुढे जवळजवळ त्याच्याइतकाच वाढलेला. दुपारी तो परत आला तो कमरेपर्यंत भिजलेला.

"मिळाली का गाडी?" लेम्पीने विचारलं.

मार्ती तिच्याकडे बघत राहिला.

"मिळाली की नाही? तोंडात काय बोळा कोंबलाय?"

"मिळाली, मावशी."

"बरं झालं. गेला एकदाचा." तिने त्याच्यापुढे ताट आदळलं. त्याने चमचा उचलला आणि परत ठेवला. दोस्त गेल्याचं दुःख, असं समजून लेम्पी त्याला त्या दिवशी चक्क काही बोलली नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. पहिल्या नाताळाला ताउनोचं पत्र आलं नाही. दुसऱ्याला तिने त्याच्यासाठी लोकरीचे मोजे विणले आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचे ते माहीत नाही म्हणून पेटीत टाकले. मग ती चिडली. फिन लोकांच्या सभागृहात रविवारी कॉफीला बायका जमत, तिथे ती सगळ्यांदेखत पोराचा उद्धार करायची. "साहेब झालाय माझा. आईला विसरायला फार मोठं शहर लागतं म्हणे. मेला कृतघ्न! दारात आला ना, तर झाडूने हाकलीन." बायका 'असं नको गं बोलूस' म्हणायच्या. तशी लेम्पी आणखी दोन शिव्या घालायची. त्या शिव्या घालण्यातच तिचं पोर जिवंत होतं, दांडगं आणि उर्मट होतं, एखाद्या दिवशी दारात येऊन भांडणार होतं.

मार्ती दर रविवारी यायचा, तिची लाकडं फोडून द्यायचा, सौना, ती वाफेची न्हाणी, तापवून द्यायचा. कधीमधी एखादी खबरही आणायचा. पोर्ट आर्थरला एक खलाशी भेटला, त्याने तिकडे गोदीवर एक उंच फिन पोरगा पाहिला म्हणे. लेम्पी ऐकलंच नाही असं दाखवायची. मग त्याच्या कपात दुसऱ्यांदा कॉफी ओतता ओतता म्हणायची, "उंच म्हणालास?"

"उंच."

"बारीक झाला होता का?"

"तसं काही बोलला नाही, मावशी."

"आणि त्याचे खिळ्यांचे बूट? ते कुठे टाकून गेला?"

"घेऊन गेला बरोबर."

"जहाजावर काय करणार त्यांचं, गाढव मेला," असं म्हणून ती उठायची. पण बूट नेलेत म्हणजे परत यायचा विचार असेल, असं तिला वाटायचं आणि त्या रात्री तिला बरी झोप लागायची.

अशी पाच वर्षं गेली. सहाव्या वसंतात सिनेमावाले आले.

सरकारने टोरंटोला सरोवराच्या पाण्यात खांबांवर एक घुमट बांधला होता. आत सहा मजली घराएवढा पडदा. त्या पडद्यासाठी उत्तरेकडच्या रानाचा, तिथल्या माणसांचा सिनेमा हवा होता. हाउकीवरची ती शेवटची हाकणी होती. पुढच्या वर्षीपासून ओंडके ट्रकने जाणार होते आणि नदीवर धरण बांधून झालंच होतं, फक्त दारं मिटायची होती. दाढीवाला केनेथ सगळ्यांचा म्होरक्या. त्यांचा कॅमेरा लग्नातल्या ट्रंकेएवढा, उचलायला दोन माणसं, आणि तीन मिनिटं चालला की फिल्म संपून त्याचं पोट रिकामं. लेम्पीला त्या यंत्राची कीव आली. ती म्हणाली, "एवढं मोठं धूड आणि भूक एवढीशी?"

केनेथला मुदपाकखाना फार आवडला. त्याने तिला लेट्टू उलटायला लावले, दुधा-अंड्याचे ते पातळ घावन, आणि मार्तीकरवी सांगितलं की बाईंनी जरा हसावं.

"हसू कशाला? पीठ आहे हे, लग्न नाही."

मार्तीने भाषांतर केलं. सिनेमावाले पोट धरून हसले, आणि त्यांना हसताना बघून लेम्पीलाही हसू फुटलं. तेवढंच त्यांनी टिपलं.

मग मार्ती त्यांना नावेतून नदीच्या वरच्या अंगाला घेऊन गेला. संध्याकाळी ती मंडळी परतली ती अगदी हवेत. काय ऊन मिळालं, काय झाड मिळालं, म्हणून केनेथ बोटांची चुंबनं घेत होता. मार्ती मात्र जेवला नाही. लेम्पीने कारण विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाला. तिने त्याला ताक पाजलं.

त्या हिवाळ्यात धरणाची दारं मिटली. वरचं खोरं भरलं, तळ उठला, आणि लेम्पी पोर्ट आर्थरला फिन कामगारांच्या खाणावळीत स्वयंपाकाला लागली. तिथे लोक जेवताना बोलायचे. तिने आठवडाभर प्रयत्न केला आणि मग नाद सोडला.

उन्हाळ्यात आमंत्रण आलं. सिनेमात ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना आगगाडीचं भाडं देऊन टोरंटोला बोलावलं होतं. खाणावळीत नुसती धमाल उडाली. "लेम्पी, आता तू नटी. आम्हाला ओळख देशील ना?" "तिचं नाकच सहा मजली दिसणार म्हणे!" लेम्पी सगळ्यांना उलट उत्तरं देत होती आणि गुपचूप जाऊन निळी टोपी घेऊन आली होती.

एकटा मार्ती तिला परोपरीने अडवत होता. "कशाला जाता, मावशी? तासभर नुसती झाडं. झाडं काय आपण पाहिली नाहीत?"

"मी आहे ना त्यात."

"तुम्ही घटकाभर. त्याच्यासाठी दीड दिवस गाडीत बसायचं?"

"तुला नसेल यायचं तर राहा. मला इंग्रजी येत नाही, पण तोंड आहे. विचारत विचारत जाईन." मग आवाज जरा उतरवून ती म्हणाली, "हे बघ, हा सिनेमा सगळीकडे दाखवणार आहेत. तिकडेही दाखवतील. त्याने पाहिला, आणि आई एवढी मोठी दिसली, हसताना दिसली, तर वाटेल त्याला काहीतरी. वाटेल की नाही?"

मार्ती बरोबर निघाला.

घुमटात आसनांच्या रांगा खड्या चढणीच्या, डोंगराच्या उतारावर बसावं तशा. दिवे गेले आणि लेम्पीच्या पायाखालची जमीन सुटली. सगळं सभागृहच जणू विमानात बसून सरोवरावरून उडत निघालं. पुढच्या कड्यावर आदळणार म्हणून बायका किंचाळल्या, लेम्पीने मार्तीचं मनगट आवळलं. मग कडा खाली गेला आणि पलीकडे तिचं सगळं रान पसरलं, तिने तीस-चाळीस वर्षं चुलीजवळच्या खिडकीतून तुकड्या-तुकड्याने पाहिलेलं. तिला हे ठाऊकच नव्हतं की ते इतकं मोठं आहे. तिचे डोळे भरून आले.

पुढे ती स्वतः आली. केवढी! हनुवटीवरचे दोन केस दोरखंडासारखे, गालाला पीठ, आणि ते हसणं. सगळा घुमट तिच्याबरोबर हसला. ती मार्तीच्या कानात म्हणाली, "केस दिसतात रे मेले. आधी सांगायचं नाहीस का?" पण ती खूश होती. इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती.

त्यानंतर नदी आली. ओंडके, त्यांच्यावरून नाचत जाणारी माणसं, फेस, गर्जना. मग सगळं शांत झालं. संध्याकाळचं ऊन, काठावरचं एक वठलेलं स्प्रूसचं झाड, आणि त्याच्या फांदीला टांगलेले बूट. कॅमेरा हळूहळू जवळ गेला. बूट हलत होते. मागच्या रांगेत कुणीतरी काहीतरी विनोद केला आणि लोक हसले. विसरभोळा कुणी नदीवर बूट वाळत घालून गेला, असंच त्यांना वाटलं असणार.

असे असतात तर ते बूट, एवढंच प्रथम लेम्पीच्या मनात आलं. मग नाडी दिसली. ऊन-पावसाने विटलेली, तरी लाल कळत होती, पांढरी कळत होती. साध्या पडद्यावर ती नुसती एक रेघ दिसली असती. इथे एकेक धागा तिच्या दंडाएवढा होता आणि नक्षीतलं घर न् घर मोजता येत होतं. एका घरात पांढरा धागा सुटला होता.

चित्र सरकलं. हंसांचा थवा उडाला, शाळकरी मुलं बर्फावर घसरली, कुणाचं तरी लग्न लागलं. लेम्पीने त्यातलं काही पाहिलं नाही. मार्तीच्या मनगटावरचा हात तिने काढून घेतला होता.

बाहेर सरोवराच्या कठड्यापाशी ती थांबली. ऊन होतं, पोरं आइस्क्रीम खात होती.

"मावशी," मार्ती म्हणाला.

"कुणाचे ते सांगू नकोस. नाडी मी विणलीय. कधी, तेवढं सांग."

त्याने टोपी हातात घेतली आणि तिचा चुरगळा केला.

"त्याच दिवशी."

"कुठल्या?"

"गाडीच्या दिवशीच, मावशी. तो गाडीपर्यंत पोचलाच नाही."

लेम्पीने कठडा धरला. मार्ती सांगू लागला. गाडी नदीपलीकडून सुटायची आणि पूल लांब होता. अरुंद भागात ओंडके या काठापासून त्या काठापर्यंत गच्च बसले होते, रस्ताच म्हणा ना. ताउनोने खिळ्यांचे बूट मार्तीच्या गळ्यात घातले होते, 'मला आता कशाला, तू वापर' म्हणून. पायात ते पिवळे.

"मी म्हटलं, हे घालून उतर, पलीकडे पोचलास की माझ्याकडे फेक. तर म्हणाला, मी आंधळा होऊनसुद्धा चालेन यांच्यावरून. आणि मी हसलो, मावशी. म्हटलं, जपून रे साहेब, पॉलिश जाईल. तो वळून मला जीभ दाखवून गेला. मधोमध पोचला होता. पाय सटकला. ओंडके उघडले आणि मिटले."

"ओरडला?"

"वेळच नव्हता ओरडायला."

"तू काय केलंस?"

"आकडा घेऊन उतरलो. दुपारपर्यंत शोधलं. ते लाकूड हलेना, मावशी. माझ्या एकट्याच्याने हलेना."

"आणि मला येऊन सांगितलंस, गाडी मिळाली!"

"सांगणारच होतो. तुम्ही म्हणालात, बरं झालं, गेला एकदाचा. त्यावर मी कसं सांगू? म्हटलं, उद्या सांगू. तिसऱ्या दिवशी जाऊन बूट टांगले. मग टांगलेल्या बुटांबद्दल बोलायचं नसतं, म्हणून..."

"म्हणून सहा वर्षं तुझा उद्या चालला? माझ्या ताटात जेवलास तू! उंच पोरगा पाहिला म्हणे गोदीवर!" तिने हातातली पर्स त्याच्या छातीवर मारली, पुन्हा मारली. माणसं वळून बघायला लागली. मार्ती हलला नाही. तिचाच हात थकला तेव्हा ती बाकावर बसली. निळी टोपी एका कानावर आली होती.

"मी शिव्या घातल्या रे त्याला," ती म्हणाली. "दर रविवारी. सगळ्या बायकांदेखत. कृतघ्न म्हटलं, झाडूने हाकलीन म्हटलं. तो नदीत पडलेला, आणि मी वर बसून त्याला शिव्या घालतेय. कुठली आई असं करते?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी."

"तुला माहीत होतं. थांबवायचंस मला."

मार्ती खाली, तिच्या पायाशी, फळ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. लेम्पीला त्याची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. टोपी सरळ करत तिने विचारलं, "रागावला होता का माझ्यावर? जाताना?"

"नाही हो. वाटेत थांबून नाक वर करून वास घेत होता. म्हणाला, म्हातारीने पुल्ला भट्टीत घातलाय, एखादा मागून घ्यायला हवा होता. म्हणाला, परत जाऊ का? मग म्हणाला, नको, डावाने मारेल."

लेम्पीने तोंडावर दोन्ही हात घेतले. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मार्तीला कळलं नाही. सहा वर्षं तिने मनाशी धरलं होतं की आपण वळलो नाही म्हणून पोर रुसलं, म्हणून कागदाचा कपटा नाही. पोर रुसलंच नव्हतं. हे एवढं सुख तिच्या पदरात पडलं आणि त्याच पदरात पोराचं मरण होतं.

"त्या झाडापाशी ने मला," ती उठून म्हणाली.

"मावशी..."

"पुढच्या गाडीने जाऊ. बायका जात नाहीत वगैरे मला सांगू नकोस."

"झाड नाही आता. धरणाचं पाणी चढलंय. नदीचा तो भागच नाही राहिला. नाव नेली तरी खाली नुसतं काळं पाणी दिसतं."

ती समोर बघत राहिली. पाण्यात खांबांवर तो पांढरा घुमट उभा होता आणि पुढच्या खेळाची रांग लागली होती. ती चालू लागली.

तिकिटाच्या खिडकीतल्या पोरीने तिला ओळखलं. "अगंबाई, त्या घावनवाल्या आजी!" म्हणून तिने शेजारणीला हाक मारली, पैसे घ्यायलाच तयार होईना. मार्तीने लेम्पीच्या सांगण्यावरून विचारलं, हा सिनेमा किती दिवस आहे? पानं गळेपर्यंत, पोरगी म्हणाली. मग नवा येणार, कुठल्याशा वाळवंटाचा. जुन्याचं काय करतात? पोरीने खांदे उडवले. "डब्यात भरून ठेवत असतील कुठेतरी."

त्या खेळाला लेम्पी नुसती बसून राहिली. विमान उडालं, बायका किंचाळल्या, पडद्यावरची लेम्पी हसली आणि लोक हसले. ती हसणारी बाई तिला आता बघवेना. मग नदी आली, ऊन आलं, झाड आलं. लोक पुन्हा हसले, अगदी त्याच ठिकाणी. लेम्पी ओठ दाबून नाडीवरचा सुटलेला धागा बघत होती. बूट गेले, हंस उडाले.

"चला आता, मावशी. रात्रीची गाडी आहे," मार्ती म्हणाला.

"पुढचा बघू."

पुढच्या खेळाला गर्दी होती. कुठल्या तरी शाळेची मुलं आली होती, कागदाच्या पिशव्या वाजत होत्या. नदीची गर्जना थांबली तशी लेम्पी आसनाच्या हातावर भार देऊन उभी राहिली. अंधारात, त्या खड्या चढणीवर, निळी टोपी घातलेली ठेंगणी बाई. वर झाड, झाडाला बूट. मुलं खिदळली. मागून कुणीतरी जोरात शुक शुक केलं आणि इंग्रजीत ओरडलं.

मार्तीने तिची बाही ओढली. "मावशी, खाली बसा. त्यांना दिसत नाहीये म्हणताहेत."

"म्हणू दे."

"आणखी ओरडतील."

"ओरडू देत. माझ्या पोराची माती आहे ही. बसून कशी बघू?" ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "आणि तू कशाला बसलायस रे? ऊठ."

मार्ती उठला. मागचा आवाज आणखी चढला, कुणीतरी दिवा घेऊन रांगेच्या टोकाशी आलं. बूट जाईपर्यंत दोघं उभी राहिली.